चाकरी आणि निष्ठा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत मुलाच्या लग्नाची बोलणी निघाली की मुलगा दरबारात आहे एवढे कळणे पुरे होई. पुढची चौकशी फारशी होत नसे. माझे आजोबा होळकर संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. पगार बेताचा होता, पण त्याची तारीख चुकत नसे, आणि आमच्या घरी त्या तारखेलाच प्रतिष्ठा होती.

मौज अशी की ज्या दरबाराची ही चाकरी, तो दरबार स्वतः मोठा उद्योगी. दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. शहरात संस्थानची कापडगिरणीही काढली. पुढे सर हुकुमचंदांसारखे शेठ व्यापारातून गिरणीमालक झाले. आमच्यासारख्या घरांतील मंडळींनी दप्तरे सांभाळली, शाळा चालविल्या. उद्योग डोळ्यांसमोर होता, घरात मात्र नव्हता. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. चाकरीचा धनी बदलला, चाकरीची ओढ तशीच राहिली.

हा स्वभावदोष मानावा काय? मला तसे वाटत नाही. डेव्हिड मॅक्लेलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकिनाडा येथील व्यावसायिकांसाठी शिक्षणवर्ग चालविले. कर्तृत्वाची आकांक्षा माणसात शिक्षणाने जागविता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आइझेन या दुसऱ्या अभ्यासकाने कोणत्याही संकल्पामागे तीन गोष्टी पाहिल्या: त्या कृतीविषयी आपले मत, आप्तेष्टांची अपेक्षा आणि हे आपल्याला जमेल हा विश्वास. आमच्या घरांत पहिली गोष्ट क्वचित कमी पडली असेल. दुसरी मात्र नेहमीच आडवी आली.

माझ्या पुतण्याने पीथमपूरच्या एका कारखान्यातील कायमची नोकरी सोडून सुटे भाग बनविण्याची लहानशी कार्यशाळा काढण्याचे मनात आणले, तेव्हा हेच घडले. वहिनींनी दोन दिवस अबोला धरला. मी त्याला एवढेच विचारले, "माल घेणाऱ्याने तीन महिने पैसे दिले नाहीत, तर काय करशील?" यंत्राचा आराखडा त्याला डोळे मिटून काढता येई, या प्रश्नाला उत्तर नव्हते. मग तो सुट्टीच्या दिवशी सियागंजातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर बसू लागला. उधारी कोणाला द्यावी, भाव सांगताना वाहतूक कशी धरावी, तगाद्यासाठी गेल्यावर चहा घ्यावा की नाही (हेही शास्त्रच आहे!), हे त्याने तिथे पाहिले. सहा महिन्यांनी त्याने राजीनामा दिला, तेव्हा त्याच्या बोलण्यात आवेश कमी आणि आकडे अधिक होते. वहिनींना त्या आकड्यांनीच थोडा धीर आला.

आता निष्ठेविषयी. पुतण्याच्या जाण्याला घरातील वडीलधाऱ्यांनी 'अन्नदात्याशी बेइमानी' म्हटले, आणि तो शब्द मला खटकला. मेयर आणि अ‍ॅलन या कॅनडातील अभ्यासकांनी १९९१ साली नोकराच्या निष्ठेचे तीन प्रकार सांगितले. मराठीत मी त्यांना ओढीची, ऋणाची आणि निरुपायाची निष्ठा म्हणेन. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. माणूस वेळेवर येतो, मान खाली घालून काम करतो. आमच्या घरी जिचा गौरव झाला, तिच्यात निरुपायाचा वाटा किती होता, हे कोणी मोजले नाही.

त्याच वर्षी, १२ डिसेंबर १९९१ रोजी, इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडली. ५,८९५ कामगारांचे देणे थकले. बंद गिरणीच्या आवारात त्यांच्या सभा भरत राहिल्या, न्यायालयात तारखा पडत राहिल्या, आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्त झाला. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार वारले. त्यांच्या वाट्याचे पैसे वारसांना घ्यावे लागले.

पण या शहराने आणखी एक गोष्ट पाहिली. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजविलेले चित्ररथ, काढण्याची इथली प्रथा फार जुनी. गिरण्या बंद झाल्या. पगार नाही, मालक नाही, हजेरी घेणारा कोणी नाही. तरी कामगारांनी वर्गणी गोळा करून झांक्या काढल्या, आणि प्रत्येक झांकीवर नाव आपापल्या गिरणीचेच लावले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक पहाटेपर्यंत उभे असतात. हुकुमचंदची झांकी आली की गर्दीतील एखादा म्हातारा शेजारच्या अनोळखी माणसाला आपण कोणत्या खात्यात होतो ते सांगू लागतो.