वही घेऊन चला नळदुर्गला!

मुलांनो, सहलीला किल्ल्यावर गेलात म्हणजे तुम्ही काय करता? खरं सांगा हं! बसमधून उतरलं की धूम ठोकायची, आरोळ्या द्यायच्या, डबा खायचा, फोटो काढायचा आणि परत! घरी आईनं विचारलं, "काय पाहिलंस?" की उत्तर ठरलेलं, "किल्ला!"

या वेळी थोडी गंमत करू या. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या नळदुर्गला जाऊ या. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं साधारण ४५ किलोमीटर. प्रत्येकानं वही-पेन्सिल घ्यायची आणि पाच जणांत मिळून एक लांब सुतळी. तिला दर मीटरला गाठ मारा. झाली मोजपट्टी! भिंत किती जाड, खिडकी किती रुंद, मोजा आणि लिहा.

आत शिरलं की आधी पाणीमहाल गाठा. बोरी नदीच्या एका काठाला मुख्य किल्ला, दुसऱ्या काठाला रणमंडळ हा छोटा किल्ला. दोघांना जोडणारा दगडी बंधारा नदीत बांधलाय आणि त्याच्या पोटात आहे चक्क महाल!

आता वहीत पहिला प्रश्न लिहा : नदी का अडवली? घाई नको. जरा उभं राहून बघा. पाणी साठलं म्हणजे किल्ल्यातल्या माणसांची सोय झाली. पाण्याच्या बाजूनं शत्रूला चालून येणं अवघड झालं. शिवाय दोन्ही किल्ल्यांत ये-जा करायला वाट मिळाली. एका बांधकामात तीन कामं!

पण पूर आला तर? जादा पाण्यासाठी बंधाऱ्यावर दोन वाटा ठेवल्यात. त्यांतून कोसळतात ते 'नर' आणि 'मादी' धबधबे. पावसाळ्यात बोरी भरून वाहू लागली की महालाच्या खिडकीतून समोर पाणी कोसळताना दिसतं आणि आपण मात्र कोरडे! तेव्हा दगड निसरडे असतात, म्हणून मोठ्यांचा हात सोडायचा नाही.

दुसरा प्रश्न गणिताचा. महालातल्या फारसी शिलालेखात साल आहे हिजरी १०२२. हिजरी सन सुरू झाला इसवी सन ६२२ मध्ये. बेरीज केलीत? १६४४! पण उत्तर चुकलं. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. म्हणून १०२२ ला ३५४ नं गुणा आणि ३६५ नं भागा. आले सुमारे ९९१. त्यात ६२२ मिळवा. १६१३! म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी १७ वर्षं. तेव्हा विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशहा होता.

मग उपळी बुरुजावर चढा. पायऱ्या मोजा, वरच्या लांबलचक तोफा बघा आणि तिथून दिसणाऱ्या किल्ल्याचा नकाशा काढा.

एकदा मी मुलांना घेऊन गेलो होतो. एकानं हळूच कोळसा उचलला आणि भिंतीवर नाव लिहायला लागला. मी हटकलं, तर म्हणाला, "सर, इथं इतकी नावं आहेत. माझं एक लिहिलं तर काय बिघडलं?"

मी त्याला शिलालेखापाशी नेलं. म्हटलं, "यात मीर महंमद इमादीन असं नाव आहे. हा महाल त्यानं बांधला. आधी बांधलं, मग नाव आलं. चारशे वर्षं झाली, बंधारा अजून पाणी झेलतोय. तू इथं काय केलंस?"

तो काही बोलला नाही. परतताना बसमध्ये मात्र वहीत डोकं घालून बसला होता. मी डोकावलो. त्यानं बंधाऱ्याचं चित्र काढलं होतं, दोन्ही धबधब्यांसकट. सुतळीनं घेतलेली मापंही लिहिली होती. आणि खाली कोपऱ्यात, अगदी ठसठशीत अक्षरात, स्वतःचं नाव!

मग, तुमची वही तयार आहे ना?