ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर अठरा मुलं

विद्यार्थ्यांचं नेतृत्व शिबिर म्हटलं की आम्हा मेलबर्नकरांच्या डोळ्यांसमोर रानातला कॅम्प येतो. झाडांना बांधलेले दोर आणि लाकडी भिंतीवरून एकमेकांना वर ओढणारी मुलं. यंदा जानेवारीच्या अखेरीस विद्यापीठातली अठरा मुलं घेऊन मी भारतात गेले, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं. होता तो ग्वाल्हेरचा किल्ला. जागा मीच सुचवली होती, आणि त्यात थोडा मराठी स्वार्थ होता हे नाकारत नाही. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ज्याचं नाव पडलं ते 'लष्कर' पाहायचं होतं. तिथला 'महाराज बाडा' म्हणजे आपला वाडाच!

किल्ल्यावर गाडीनं जायचं तर पश्चिमेचा उरवाई दरवाजा. आम्ही मुद्दाम पूर्वेची, गुजरी महालाजवळची पायवाट घेतली. एकामागून एक दरवाजे लागतात आणि चढ दम काढतो. सहा-सहांचे तीन गट केले, फोन काढून घेतले. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी दिली. एकाच्या चिठ्ठीत 'बाग', दुसऱ्याच्या '187 हात', तिसऱ्याच्या '270 हात', चौथ्याच्या 'रोज 50 माळा' असे तुकडे. चिठ्ठी दाखवायची नाही, फक्त सांगायची. हे सगळं जिथं कोरलंय ती जागा शोधून वर हाथी पोळापाशी यायचं. शेवटचा भिडू पोचेल तीच गटाची वेळ.

ती जागा म्हणजे वाटेवरचं चतुर्भुज मंदिर. अख्खं एका खडकात कोरलेलं, पण इतकं लहान की बोलत चालणारा माणूस सहज पुढे निघून जातो. आतल्या सन 876 च्या शिलालेखात देवाच्या बागेची मापं आहेत आणि त्या 270 मधलं शून्य आज आपण लिहितो तसंच, बारीक गोल. गाईड त्याला जगातलं पहिलं शून्य म्हणतात. ते खरं नाही, कंबोडियात सन 683 चं सापडलं आहे. पण मुलांना त्याचं काही नव्हतं. ज्या मुलीला गणिताचा तिटकारा तीच त्या शून्यापुढून हलेना.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचा खेळ मी इथं घेतला नाही. कठडे बेभरवशाचे आहेत, आणि मला तो खेळ तसाही आवडत नाही.

दोन गट वर आले. तिसरा येईना. मी चार पावलं खाली उतरून पाहिलं. दम्याचा त्रास असलेला एक मुलगा लक्ष्मण दरवाज्याजवळ दगडावर बसला होता. त्यानं पंप घेतला होता, चेहरा ठीक होता, म्हणून मी लांबच थांबले. गटाचा म्होरक्या, उंच आणि हुशार मुलगा, बाकीच्यांना सांगत होता, "आपण पुढे जाऊ, तो मागून येईल, निदान उत्तर तरी देऊ." पटण्यासारखंच होतं ते. दिल्लीपासून जेमतेम दहा वाक्यं बोललेली एक मुलगी त्या दगडावर टेकली आणि म्हणाली, "मग मी पण इथंच." आणखी दोघं बसली. म्होरक्या एकटाच हाथी पोळापर्यंत आला, वर न बघता दोन मिनिटं उभा राहिला आणि उलट फिरला. सहाही जण चाळीस मिनिटं उशिरा पोचले. कोणी काही बोललं नाही.

अशा खेळात खेळण्यापेक्षा नंतरचं बोलणं महत्त्वाचं. मी माझे नेहमीचे प्रश्न तयार ठेवले होते, पण ते विचारायची वेळच आली नाही. मानमंदिर पाहून आम्ही किल्ल्यावरच्याच दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात जेवायला गेलो. तिथल्या सेवेकऱ्यानं गोष्ट सांगितली. जहांगीरनं गुरू हरगोविंदांना याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटकेचा हुकूम आला तेव्हा, शीख परंपरा सांगते, त्यांनी एकट्यानं बाहेर पडायला नकार दिला. सोबत 52 राजे कैदेत होते. अंगरखा धरून जेवढे येतील तेवढे सोडू, असं बादशहा म्हणाला, तर गुरूंनी 52 गोंड्यांचा अंगरखा शिवून घेतला.

म्होरक्यानं लगेच विचारलं, "आधी स्वतः बाहेर पडून मग त्यांच्यासाठी खटपट केली असती तर?" सेवेकरी हसला, त्याच्या हातात लाटणं दिलं आणि कणकेपुढे बसवलं. पोळ्या लाटता लाटता अठरा जणांचे दोन तट पडले. बाहेर राहणाऱ्याच्या हातात जास्त असतं, असं निम्म्यांचं म्हणणं. बाहेर गेलेला परत फिरतोच कशावरून, असं त्या अबोल मुलीचं. ताटं घासून होईपर्यंत वाद मिटला नव्हता. परतीच्या गाडीत तो पुन्हा सुरू झाला. म्होरक्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

कुणाला मुलांना घेऊन जायचं असेल तर हिवाळ्यातच जा, चढताना पूर्वेनं आणि उतरताना उरवाईकडून. तिकडे कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. चतुर्भुज मंदिराला कुलूप दिसलं तर राखणदाराला विचारा. आणि गुरुद्वाऱ्यात भूक ठेवून जा.