अंतऱ्यातलं नाव

आकाशवाणीवर चार मिनिटांचं भावगीत लागलं तरी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं आधी कानावर येतात. शास्त्रीय गायन सुरू झालं, की गायक, राग, ताल, फार तर तबल्या-पेटीवर कोण आहे ते. बंदिश कुणी बांधली, याची चौकशी सहसा होत नाही. बांधणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक असावं. म्हणूनच की काय, ते आपलं टोपणनाव अंतऱ्यात गुंफून ठेवतात. अठराव्या शतकात मुहम्मदशहा रंगीलेच्या दरबारात असलेले न्यामतखाँ ‘सदारंग’ म्हणून आजही घराण्याघराण्यांत गायले जातात, ते त्या मुद्रेमुळेच. पण गवई स्थायी अर्धा तास घोळवतो, अंतरा एकदा उरकतो आणि तानांकडे वळतो. त्या घाईत नाव कुठलं ऐकू येतंय!

आमच्या कळंबच्या एका काकाजींना मात्र एक नाव पक्कं ऐकू आलं होतं. भजनात पेटी धरणारे हे गृहस्थ रात्री जोगकंस रागातली एक बंदिश गुणगुणायचे आणि वर सांगायचे, ‘‘सी. आर. व्यासांचं आहे हो हे. अन् व्यास आपल्याच कळंबचे. नावच चिंतामण, अजून काय पाहिजे?’’

इथे ते पटायला वेळ लागत नाही. आमचा चिंतामणी गणपती जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून त्याच्यापुढे जावं लागतं. इंद्राने त्याची स्थापना केली, अशी कथा आहे. त्याच्या नावाने गावात किती चिंतामण झाले असतील, त्याची मोजदाद नाही. त्यात महाराष्ट्रात तालुक्याची कळंबं दोन. पत्ता सांगताना ‘यवतमाळचं की धाराशिवचं?’ हा प्रश्न ठरलेलाच. पंडित चिंतामण रघुनाथ व्यास १९२४ साली जन्मले ते धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादेत. त्या जिल्ह्यातही एक कळंब आहे, एवढ्या बारीक धाग्याने काकाजींनी त्यांना मराठवाड्यातून थेट वऱ्हाडात ओढून आणलं होतं.

गावाचा दावा तिथेच निकाली निघाला. बंदिशीचा तपासताना मात्र भलताच माणूस समोर आला. व्यासांची मुद्रा ‘गुणीजान’. काकाजी गात होते त्या अंतऱ्यात होतं ‘गुणीदास’. आणि गुणीदास म्हणजे व्यासांचे गुरू, जगन्नाथबुवा पुरोहित. जोगकंस हा रागच मुळी त्यांनी बांधलेला.

बुवा १९०४ चे, हैदराबादकडचे. अनेक उस्तादांकडे शिकत ते आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांपाशी पोचले. खाँसाहेबांची मुद्रा ‘प्राणपिया’. त्याच घराण्यातल्या फैयाज खाँसाहेबांची ‘प्रेमपिया’. म्हणजे नावांची गल्लत व्हायची सोय तिथेही आहेच! तबला बुवा शिकले ते अहमदजान थिरकवाँकडे. त्यांच्या बंदिशी लयीशी खेळत समेवर येतात, तेव्हा आतला तबलजी लपत नाही.

जोगकंस १९४०च्या दशकातला. खालच्या अंगाला जोग, वर चंद्रकंस. दोन्ही गंधार, कोमल धैवत आणि तो जीव खाणारा शुद्ध निषाद. बुवा या रागाला आधी कौंसी म्हणत, जोगकंस हे नाव प्रा. बी. आर. देवधरांनी सुचवलं, असं सांगतात. दोन राग एकत्र करणारे पुष्कळ असतात आणि बहुतेकांचा सांधा दिसतो. इथे पंचमावरून धैवतावर जाताना आपण एका घरातून दुसऱ्या घरात शिरलो, हे कळतच नाही. स्वानंदीही बुवांचाच, पण जोगकंसाएवढा तो फिरला नाही.

कोल्हापुरात आणि मग मुंबईत बुवांनी आयुष्य शिकवण्यात घातलं. राम मराठे, माणिक वर्मा, यशवंतबुवा जोशी, जितेंद्र अभिषेकी, सी. आर. व्यास ही यादी वाचली, की मराठी घराघरांत बुवा केव्हाच पोचलेले होते हे लक्षात येतं. फक्त दुसऱ्यांच्या गळ्यांतून. १९६८ साली ते गेले.

शिष्यांनी गुरूला झाकलं, असं म्हणायचा मोह होतो, पण ते अन्यायाचं ठरेल. १९७७ साली मुंबईत गुणीदास संगीत संमेलन सुरू केलं ते व्यासांनीच. ज्यांच्या नावाखाली गुरूची बंदिश खपत होती, तेच गुरूचं नाव मोठ्याने घेत होते. आपण ऐकणाऱ्यांनी दोन्ही नावं एकात घोळून टाकली. कर्त्याचं नाव पुसलं जाणं हीच परंपरेची थोरवी, असं काही जाणकार सांगतात. मला तो आळसाला दिलेला मुलामा वाटतो. भावगीताला जे जमतं, ते ख्यालाला का जमू नये?

यवतमाळला संगीताच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीची वही मध्यंतरी पाहायला मिळाली. जोगकंसाची तीच बंदिश, सुबक अक्षरात, स्वरलिपीसह. वर रागाचं नाव, तालाचं नाव, आणि कोपऱ्यात कंसात ‘पारंपरिक’. मी अंतऱ्यातल्या ‘गुणीदास’वर बोट ठेवलं, तर ती म्हणाली, ‘‘सर, तो शब्द कुणी विचारत नाही. परीक्षेत अंतरा एकदाच म्हणायचा असतो.’’