मेंढा गावचे अरण्य

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंड लोकांचे एक लहानसे खेडे आहे. शेजारच्या लेखा गावावरून त्यास मेंढा-लेखा असेही म्हणतात. उंबरे शंभराच्या आसपास. परंतु सुमारे १८०० हेक्टर अरण्याचा सांभाळ त्यांच्याकडे आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत ते पाहण्याचा योग आम्हांस आला.

गावाबाहेर पडताच ऐन, मोह, तेंदू आणि मधूनमधून बांबूची दाट बेटे लागली. सोबतच्या वृद्ध गृहस्थांनी एका बेटापाशी थांबून आम्हांस बांबूचे वय ओळखण्यास शिकविले. पावसाळ्यात फुटणारे कोंब, ज्यांस तिकडे वास्ते म्हणतात, एकाच मोसमात पूर्ण उंची गाठतात. पण अंगी कणखरपणा येण्यास त्यांस आणखी दोन-तीन वर्षे लागतात. "उंचीवर जाऊ नका, गुरुजी. ज्याच्या अंगावर अजून पांढरी भुकटी आहे, तो पोर समजायचा," असे ते म्हणाले. हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत लावावे, असे आमच्या मनात आले.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूस झाडांत गणले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला व २००९ साली मेंढ्यास सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावी येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले.

तथापि केवळ कागदाने अरण्य राखले जात नाही. येथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असल्यास निर्णय थांबतो व पुन्हा चर्चा होते. "अशाने कामे खोळंबत नाहीत काय?" असे आम्ही विचारले. अंगणात सूप घेऊन बसलेल्या एका बाईंनी उत्तर दिले, "खोळंबतात की! पण ज्याचे ऐकून घेतले नाही, तो रात्री कुऱ्हाड घेऊन रानात गेला, तर त्याला कोण अडवील?"

एवढ्या मोठ्या रानास कुंपण नाही आणि रात्रंदिवस पहारा ठेवणे शंभर घरांस शक्य नाही. ज्याने नियम मनापासून मान्य केला, तोच तो एकटा असतानाही पाळतो, हे त्या बाईंच्या बोलण्यातून आम्हांस उमगले.

विद्यार्थीमित्रहो, सहलीचे ठिकाण ठरविताना आपण हात वर करवून मोजतो. पंचवीस हात वर होतात, पाच खाली राहतात आणि घंटा होण्यापूर्वी काम उरकते. पुढील खेपेस त्या पाचांस त्यांचे कारण विचारून पाहू. कदाचित एक तास जाईल. पालकांनीही घरी हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.