लिंक गेली तर?

गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे. पावसाळ्यात त्यांतले किती उघडायचे हे एका जागी ठरतं आणि वैनगंगेकाठच्या पवनीकरांचं लक्ष त्या आकड्याकडे असतं. वाय-फाय उभारणाऱ्याचं कामही त्याच धाटणीचं. इमारतीतले वीस-पंचवीस अॅक्सेस पॉइंट (एपी) एकेक करून हाताळत बसायचे नाहीत. पासवर्ड, चॅनेल, सिग्नलची ताकद, सगळं एका कंट्रोलरवरून द्यायचं.

कंट्रोलर आणि एपी यांच्यातल्या संवादाची खुली भाषा म्हणजे कॅपवॅप. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने त्यासाठी चार प्रस्ताव तपासले, एअरस्पेस कंपनीतून आलेला एलवॅप पाया म्हणून घेतला आणि मार्च २००९मध्ये आरएफसी ५४१५ हा मानकाचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. नवा एपी चालू झाला की आधी कंट्रोलर शोधतो, मग डीटीएलएसच्या कुलूपबंद वाटेने त्याला जाऊन मिळतो. हुकूम यूडीपी पोर्ट ५२४६वर, वापरणाऱ्यांचा डेटा ५२४७वर. काही ठरवून दिलं नसेल, तर दर ३० सेकंदांनी ‘आहेस ना?’ अशी विचारपूस. मानक असूनही एका कंपनीचा एपी दुसरीच्या कंट्रोलरवर सहसा चालत नाही, ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही.

खरी मेख पुढे आहे. सगळा डेटा कंट्रोलरकडे न्यायचा की एपीनेच जागेवरच्या नेटवर्कात सोडायचा? मानकात दोन्हींना जागा आहे. एकाच आवारात, जाड केबलवर पहिली रीत झकास चालते. पण एपी पवनीत आणि कंट्रोलर नागपूरच्या मुख्य कार्यालयात असेल, तर शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरला धाडलेलं पान आधी नागपूरला जाऊन येतं! रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की प्रिंटरही मुका. म्हणून तालुक्याच्या गावी डेटा जागेवरच सोडावा आणि कंट्रोलरकडे फक्त देखरेख ठेवावी, असं अनुभवी तंत्रज्ञ सांगतो. चकचकीत डॅशबोर्ड पाहून भुललेल्या साहेबांना ते पटवणं मात्र तारा ओढण्याहून अवघड.

अशा जोडणीची परीक्षा साधी असते. काम ताब्यात देण्याआधी कंट्रोलरकडे जाणारी लिंक मुद्दाम काढायची आणि दोन फोन घेऊन उभं राहायचं: एक आधीच जोडलेला, एक नवा. एपीला जागेवर काम करण्याची मुभा दिलेली असेल, तर पहिला चालू राहतो. दुसऱ्याचं काय होणार, हे मात्र ओळख कुठे तपासली जाते यावर ठरतं. साधा पासवर्ड असेल तर एपी त्याला बहुधा आत घेतो. दूरच्या सर्व्हरवर खातं तपासायचं असेल, तर तो लिंक येईपर्यंत ताटकळतो.