दोघंच उरल्यावर

वैशाखातल्या रात्री पत्ते पिसण्याचा आवाज फार लांबवर ऐकू येतो. दिवसभर तापलेलं धाबं हळूहळू निवत असतं, वारा पडलेला असतो, आणि खालच्या निंबाच्या पारावरून तो फर्रर्र असा कोरडा, हलका आवाज वर चढत येतो. मग कॅट काटल्याची बारीकशी थाप, मग पानं वाटताना सतरंजीवर होणारी सरसर. खानदेशात ज्याचं लहानपण गेलं, त्याच्या कानांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, याच आवाजाने उतरते. आखाजी म्हणजे माहेरी आलेल्या लेकी, डांगर ठेवून पुजलेली घागर, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, सरल्या सालाचा हिशेब मिटवून नव्या सालाचा शब्द देणारे सालदार, आणि पत्ते. धुळ्याकडे पांझराकाठी काय, जळगावकडे गिरणाकाठी काय, या दिवसांत पत्त्यांना एक जुनी मुभा असते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखजीच्या कवितेत झोक्यावरच्या सासुरवाशिणींना कायमची जागा दिली. माझ्या मनात त्या झोक्याच्या दोराची करकर आणि पत्त्यांची फरफर अशा मिसळून गेल्या आहेत की एक ऐकू आली की दुसरी आपोआप येते.

पण त्या आवाजाहून खोल रुतली आहे ती त्याच्या पोटातली शांतता.

तीन पत्तीचा डाव सुरू होतो तेव्हा सात-आठ जण गोल करून बसलेले असतात. बुटाचे, म्हणजे डावात उतरायचे, पैसे मध्ये पडतात, गलका असतो, कोणी पानं न बघताच ब्लाइंड चालतो, कोणी पानं उचलून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो, कोणी शेजाऱ्याशी गुपचूप पानं ताडायला साइड शो मागतो. मग एकेक जण ‘पॅक’ म्हणत पानं उपडी टाकतो आणि मागे रेलून विडी पेटवतो. आणि केव्हातरी दोघंच उरतात. बोलणं आपसूक थांबतं. बाजूला सरकलेली माणसंसुद्धा श्वास धरून बघू लागतात. आता साइड शो नाही, आडोसा धरायला मधला कोणी नाही. उरतो तो फक्त शो, म्हणजे पानं उघडून केलेला निकाल, आणि तो मागण्याचा हक्क दोघं उरल्यावरच मिळतो.

माझे आजोबा, आबा, अशा वेळी स्वतःच्या पानांकडे बघत नसत. समोरच्याकडे बघत. त्याने चाल टाकताना नाणं ठेवलं की फेकलं, सुपारी चघळणं कुठे थांबलं, आवंढा केव्हा गिळला. वर्षभर ज्याच्या बांधाला आपला बांध, ज्याच्या विहिरीवर आपली मोट चालली, त्याच्याकडे इतकं निरखून आबा एरवी कधी बघत असतील? मला वाटतं, माणूस माणसाकडे पूर्ण लक्ष देऊन बघतो असे क्षण आयुष्यात फार थोडे येतात, आणि त्यातले काही त्या पारावर, कंदिलाच्या उजेडात येऊन गेले.

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा. पानांपुरतं ते खरंच आहे. त्याच पारावरून कापसाचे पैसे हरून उठलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या घरातला दुसऱ्या दिवशीचा अबोलाही पाहिला आहे. म्हणून या आठवणीत शिरताना जीव जरा चरकतो. आबांची मर्यादा ठरलेली होती. उपरण्याच्या गाठीतली सुटी नाणी संपली की उठायचं. पण त्या मर्यादेच्या आत ते जे करत, त्याला नुसतं नशीब म्हणायला मन तयार होत नाही.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात आणि त्यातले १६,४४० मोकळे असतात: ना जोडी, ना कलर, ना सिक्वेन्स. चारातले जवळजवळ तीन हात असे रिकामे. आठ जणांत अशी पानं टाकून द्यावीत, वाट बघावी, हेच शहाणपण. पण दोघांत? दोघांत नुसता एक्का मोठा असलेला साधा हातही निम्म्याहून अधिक वेळा जिंकतो. जोडी आली तर भाग्यच. तिथे चांगल्या पानांची वाट बघत बसणाऱ्याला बूटच खाऊन टाकतो. आणि शो मागितल्यावर दोघांची पानं सारखी निघाली, तर मागणारा हरतो. या नियमापाशी मी किती वेळा थबकलो असेन! ज्याला न कळलेलं सोसवलं नाही, त्याने त्याची किंमत मोजायची.

दूर कॅनडात, अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली सेफियस नावाचा संगणक-प्रोग्राम जगापुढे ठेवला. दोघांत खेळायच्या मर्यादित बोलीच्या पोकरमध्ये, माणसाने जन्मभर खेळूनही त्याच्यावर खात्रीने मात करता येऊ नये इतका तो अचूक. स्वतःशीच अगणित डाव खेळून तो शिकला. हलक्या पानांवर थाप मारायलाही शिकला. वाचताना मी हरखून गेलो आणि थोडा उदासही झालो. समोर कोण बसलं आहे, हे त्याला ठाऊकच नसतं. त्याला चेहरा लागत नाही.

आबांना लागत असे.

मुलं पुण्याला, सुरतेला पांगली. पारावरचे सोबती एकेक करून गेले. मग एका आखाजीला आबांनी घरातच सतरंजी अंथरली आणि मोठ्या मायला, माझ्या आजीला, म्हणाले, “आते आपुन दोनीज उरनूत.” नाण्यांऐवजी चिंचोके. मोठी माय पानं उचलतच नसे. पालथ्या पानांवर हात ठेवून ब्लाइंड चालत राही, आबांच्या निम्म्या चिंचोक्यांत. तिच्या चेहऱ्यावर वाचायचं तरी काय? तिलाच ठाऊक नव्हतं तिच्याकडे काय आहे. उभा जन्म माणसं वाचत आलेले आबा तिच्यासमोर मात्र अडखळत, हसत, आणि शेवटी शो मागत. जिंकलेले चिंचोके ती पदरात घेई आणि पुढच्या डावाला पुन्हा सारखे वाटून टाकी. तोवर दोघांच्याही वाट्याला साधीच पानं आली होती: आटलेली विहीर, दुखरे गुडघे, सणाला न आलेली मुलं. ती टाकून देऊन नवी मागण्याइतकी रात्र उरली नव्हती, आणि त्यांनी ती टाकलीही नाहीत.

भरल्या घरात, भरल्या गोतावळ्यात आपण वाट बघू शकतो; पुढच्या डावाला चांगलं येईल, पुढच्या साली पाऊस बरा होईल. ते वयही गोडच असतं. पण एक दिवस गोल मोडतो आणि समोर एकच माणूस उरतं: नवरा, बायको, म्हातारी आई, एखादा जुना मित्र. त्याच्या मनातलं सगळं आपल्याला कळलेलं नसतं, कळणारही नसतं. तेव्हा लगेच शो मागू नये. हातात असेल त्या साध्या पानांवर चाल द्यावी, त्याची चाल येऊ द्यावी. आबा आणि मोठी माय यांच्याकडून मी एवढंच शिकलो, आणि मला ते पुष्कळ वाटतं.