लस टोचण्याआधी ऐकून घ्या

निजामपुऱ्यात दवाखाना चालवताना मला सर्वात जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "गोवर काय, सगळ्यांनाच होऊन जातो." तो होऊन जातो हे खरे, पण काही मुलांना न्यूमोनिया होतो, काहींच्या मेंदूला सूज येते, तर काहींची दृष्टी जाते. एका रुग्णापासून लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना गोवर होऊ शकतो. 2022 च्या अखेरीस मुंबई आणि मालेगावबरोबर भिवंडीतही त्याचा उद्रेक झाला.

तेव्हा अनेक जण म्हणाले, "डॉक्टर, सक्तीच करा ना!" मला ते पटत नाही.

1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी रँडच्या देखरेखीखाली सैनिक घरात घुसून रुग्ण शोधत होते. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. लपवलेल्या रुग्णावर उपचार होत नाहीत आणि साथ मात्र घरोघरी पसरते. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. लोकांचा विश्वास मिळवण्याचा हा दुसरा मार्ग.

भिवंडीला तर हा धडा घरातूनच मिळाला आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी हे गाव होरपळले. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांचे रहिवासी नियमित एकत्र बसू लागले. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. संकटाच्या दिवशी कामी येणारी ओळख आधीच करून ठेवावी लागते.

दवाखान्यात मी हेच करतो. "लस का नको?" असे दरडावून विचारत नाही. "कशाची काळजी वाटते?" असे विचारतो. उत्तर बहुधा साधे असते. जावेच्या मुलाला लसीनंतर ताप आला होता, किंवा मूल किरकिरले तर यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याची झोप मोडेल. मग मी खरे तेच सांगतो: हो, आठवड्याभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकते, दोन-तीन दिवसांत जाते. ताप आला तर मला दाखवा. घरात निर्णय सासूबाईंचा असेल तर त्यांनाही सोबत बोलावतो.

या मार्गाला वेळ लागतो आणि गोवर थांबत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणूनच समजावणे साथ येण्याआधी सुरू व्हायला हवे.

गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत द्यावा. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. आज घरातले लसीकरण कार्ड काढून बघा. शंका असेल तर जरूर विचारा.